अर्धा दोलोत

१

जुलैच्या चार तारखेला सकाळी नऊ वाजता पाचव्या ठाण्यानं पाण्याची पातळी कळवली. चार मीटर वीस.

बिश्केकच्या हिमसरोवर केंद्रात त्या कागदाकडे आधी कुणी लक्षच दिलं नाही. रोज सकाळी छापून येणारा कागद तो. बारा ठाण्यांच्या बारा ओळी, आणि तळाशी प्रोग्रामचा निकाल: 'शांत', 'सावध' किंवा 'हलवा'. त्या दिवशी 'शांत' होतं, आणि शांत म्हटल्यावर वरच्या ओळी वाचतो कोण? वाचल्या त्या रेडिओवरच्या गालिना पेत्रोव्नानं. ती खुर्चीतून उठली, छातीवर क्रूस काढला आणि कागद उलटा करून ठेवला.

कारण पाचवं ठाणं जगात नव्हतंच. एकेचाळीस वर्षांपूर्वी चोलोक-कोल सरोवर फुटलं, तेव्हा ते ठाणं, त्याची दगडी खोली आणि आत बसलेला निरीक्षक दोलोत असं सगळंच वाहून गेलं होतं. दोलोतचं प्रेतसुद्धा सापडलं नाही. ठाण्याचं नाव यादीतून खोडायला मात्र कुणाचा हात धजावला नाही. एकेचाळीस वर्षं त्या ओळीत इमानेइतबारे शून्य छापलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी पाचव्या ठाण्यानं चार पन्नास कळवलं. मग चार एक्क्याऐंशी. मेलेला माणूस रोज सकाळी नऊला, वेळ न चुकवता, पाणी चढत असल्याचं सांगत होता.

आठव्या दिवशी आकडा सहा एकतीसवर गेला, आणि केंद्रानं झूराला बोलावणं धाडलं.

२

झूरा मामिरकानोवा छप्पन्न वर्षांची. जुन्या प्रोग्रामांचे आजार बरे करणं हा तिचा धंदा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी फोरट्रान भाषेत लिहिलेले प्रोग्राम वाचणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातली बरीच स्वभावानं खवट आहेत. झूराही होती. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. माणसांवर त्याहून कमी.

संचालक केनेशबेकनं तिला दारातच गाठलं.

"झूरा, भूतबीत काही नाही, हा चावटपणा आहे. तो एर्मेक! नवं मशीन त्यानंच बसवलं. महिन्याअखेरीस परदेशी पाहुणे यायचेत आणि इथं मेलेली माणसं आकडे पाठवतायत. तू नुसतं म्हण, मी त्याला आजच घरी बसवतो."

"अगाय," झूरा साहेबांना म्हणतात तसं म्हणाली, "सरोवराची पातळी काय आहे?"

"चौथं ठाणं सरोवराचं. शून्य बासष्ट. वाटीतल्या पाण्यासारखं शांत! आक-केचू गावाला मी सकाळीच सहीनिशी कळवलंय, खुशाल गवत कापा म्हणून."

आक-केचू सरोवराच्या थेट खाली. वर काही झालं तर चाळीस मिनिटांत पाणी आणि दगड गावात. तीनशे माणसं. झूरानं खिडकीबाहेर पाहिलं. डोंगरांवर ढग बसले होते, वरून पाहायला हेलिकॉप्टरही जाऊ शकत नव्हतं. सरोवराकडे माणूस नाही, नुसतं यंत्र. त्या यंत्राचे आकडे सरळ मशीनमध्ये शिरायचे. म्हणजे तीनशे माणसांचा जीव या एका कागदावर टांगलेला होता.

एर्मेक तिशीचा, जिभेला हाड नसलेला. आज मात्र चेहरा उतरला होता.

"एजे, आलात तेरगोला?" एजे म्हणजे ताई, तेरगो म्हणजे तपास. "आईशप्पथ मी काही केलेलं नाही. मीसुद्धा या ओळीला टरकून आहे."

"नवं मशीन कधी चालू केलंस?"

"तीन तारखेला संध्याकाळी."

"आणि चार तारखेला सकाळी मुडदा बोलला. वा! प्रोग्राम तोच ठेवलास?"

"अक्षरही बदललं नाही. कंपायलर तेवढा नवा. जुन्या आज्ञेला मागं अकरा फ्लॅग लावलेले होते. हे कर, ते करू नको. कुणी लावले, का लावले, देव जाणे. जुन्या बायका तावीज बांधतात तसे. मी सगळे काढले, वेग वाढवणारा एक ठेवला. मस्त धावला."

"कंपायलर काही बोलला नाही?" प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवताना कंपायलर खटकलेल्या जागा दाखवतो.

एर्मेकनं मान खाजवली. "कुरकुरत होता. सूचनांचा पाऊसच. मग मी त्याचं तोंड बंद करणारा फ्लॅग लावला."

"म्हणजे वैद्य बोलायला लागला आणि तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास! जुने अकरा फ्लॅग कुठं लिहिलेत?"

"जुन्या डिस्कवर होते. ती... ती मोडीत गेली, एजे."

झूरानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपणहून दोन पावलं मागं सरला.

३

गालिना पेत्रोव्ना त्रेसष्टची. दोलोत गेला तेव्हा बाविशीची होती, आणि त्या दुपारी रेडिओवर तीच होती.

"त्याचा शेवटचा आकडा मीच घेतला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, म्हणूनच झूराच्या अंगावर काटा आला. "सहा चाळीस. म्हणाला, गाल्या, लिहून घे, सहा चाळीस, आणि खाली सांग. मग दगडांचा आवाज. सकाळपासून आकडा बघतेय मी. तो पुन्हा सहा चाळीसकडे चाललाय, झूरा. त्याच वाटेनं."

"इतर ठाण्यांचं काय?"

"सहावं बंद पडलंय. बॅटरी गेली असणार, घोड्यावरून माणूस पाठवलाय."

"कधीपासून बंद?"

"चार तारखेपासूनच. पाचवं बोलायला लागलं आणि सहावं मुकं झालं. एकानं दुसऱ्याचा आवाज घेतल्यासारखं."

"पहिलं ठाणं?"

गालिना हसली. "ते आपल्याच मागच्या कालव्यावर. त्याकडे कोण बघतंय? एक चौऱ्याऐंशी. रोज."

झूरा मागच्या दाराशी गेली. कालव्याच्या साफसफाईसाठी पाणी तोडलं होतं. तळाला चिखल सुकून भेगाळला होता, त्यात दोन कुत्री लोळत होती. या कालव्यात आठ दिवस, शेवटच्या आकड्यापर्यंत अचूक, एक मीटर चौऱ्याऐंशी पाणी होतं म्हणे!

"अकरा फ्लॅग कुणी लावले होते?"

"कलिपानं. निम्मा प्रोग्राम तिचाच. निवृत्त होऊन आक-केचूला राहते. दोलोतची सून ती. मी फोनवर सांगितलं तिला. म्हणाली, बोलू दे त्यांना. त्यानंतर फोन उचलत नाही."

प्रोग्रामचा प्रत्येक कोपरा ठाऊक असलेली एकच बाई, तीही मेलेल्याच्याच घरातली. झूरानं छापील प्रोग्राम काखेत मारला आणि गाडी मागवली.

४

वाटेत तिनं दोन्ही फाइली मांडीवर पसरल्या. पहिली व्हादिम ल्वोविच नावाच्या जुन्या प्रमुखाची: ही आकडे आत घेते. दुसरी कलिपाची: ही आकडे उचलून निकाल काढते आणि छापते. दोघींच्या मध्ये मेमरीचा एक सामाईक पट्टा. पहिली त्यात आकडे मांडणार, दुसरी तिथून घेणार. अशा पट्ट्यात नावाला किंमत नसते. एकीनं 'आंबा' म्हणून ठेवलेलं दुसरीनं 'फणस' म्हणून उचललं तरी मशीनला सोयरसुतक नाही. मशीन फक्त जागा मोजतं.

व्हादिमच्या फाइलीत पट्टा असा: आधी दिवसाचा क्रमांक, मग लाटांमुळे पातळीत द्यायची सूट, मग बारा ठाणी. ही सूट दोलोतनं अनुभवावरून काढून दिली होती, म्हणून व्हादिमनं त्या जागेला त्याचंच नाव दिलं होतं. सहा लॅटिन अक्षरं, दोलोत. किंमत ०.८५. कलिपाच्या फाइलीत दिवसाचा क्रमांक होता, बारा ठाणीही होती. मधे दोलोत मात्र नव्हता. त्याच्याऐवजी दोन लहान पूर्णांक, नाव 'अता'. अता म्हणजे वडील.

झूरा त्या शब्दाकडे बघत राहिली. एवढी हुशार बाई, एका आकड्याचे दोन तुकडे कशाला करेल?

घाटात नदी दिसली. ऐन जुलैत, बर्फ वितळण्याच्या ऐन दिवसांत, ती बोटभर वाहत होती. ड्रायव्हर पुटपुटला, "पाणी कुणी धरून ठेवलंय वर?" झूराला ते आवडलं नाही.

५

कलिपाच्या दारात तळणीचा वास भरून राहिला होता. गुरुवार होता. गुरुवारी पिठाचे बोरसोक तळायचे, वास घरातल्या मेलेल्यांपर्यंत पोचतो.

"घरात दोलोत नांदो, अपा," झूरानं उंबऱ्यावर नेहमीचा आशीर्वाद दिला. तिथं दोलोत म्हणजे आपली दौलतच, आणि अपा म्हणजे थोरल्या बाईला मान.

"तुझ्याही घरी बरकत नांदो, पोरी. ये, बस. गरम आहेत." कलिपा चौऱ्याहत्तरची, ताठ, डोक्याला पांढरा रुमाल. "तपासाला आलीस ना? गालिनाच्या पोटात काही राहत नाही. सांग त्यांना, मी काही केलेलं नाही. डोंगरावरचे बोलतायत. आठ दिवस बोलतायत आणि केंद्रातली माणसं कागद उलटा ठेवतायत."

"डोंगरावरचे म्हणजे?"

"आमचे मोठे. ते गेले तेव्हाही खालच्यांनी ऐकलं नव्हतं."

"अपा, तुम्ही फोरट्रान लिहिलंत तीस वर्षं. तुम्हाला खरंच वाटतं मेलेलं माणूस बोलतं?"

"मला वाटतं की ज्याला बोलायचं असतं तो वाट शोधतो," कलिपा म्हणाली. "आता तू शोध, कुठली वाट ते. तुझा धंदाच तो."

झूरानं बोरसोकांच्या परातीशेजारी कागद पसरले. "हा 'अता' कोण?"

कलिपाचा हात झाऱ्यावर थांबला. "नवऱ्याचे वडील."

"म्हणजे दोल..."

"श्श!"

तो आवाज इतका तिखट होता की झूरानं ओठ मिटले. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोलोत नांदो म्हटलं तर बरकत नांदो. डोंगरावरचे. आमचे मोठे. इथं सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. ते नाव साध्या शब्दासारखं असेल तर तो शब्दही टाळते. या टाळण्याला तिच्या भाषेत जो शब्द, तोच तपासाला: तेरगो. सकाळपासून ती तेरगो करत फिरत होती, आणि उत्तरही तेरगोच होतं.

"अपा, मशीनसमोरसुद्धा नाव घ्यायचं नाही?"

"तोंडानं घेतलं काय आणि बोटांनी टंकलं काय! त्यांच्या हाताखाली सून म्हणून वावरले मी, पोरी. व्हादिम ल्वोविच खो खो हसला होता. मग म्हणाला, जागेला नाव काहीही दे, मशीनला चालतं."

"ते ठीक. पण एका मोठ्या आकड्याचे दोन लहान का केलेत?"

"माझ्या भागात तो आकडा लागतच नव्हता, नुसती जागा सोडायची होती. मोठ्यांच्या जागी दुसरं कुणी मोठं बसवायचं? शोभतं का? दोन लहान जागा रिकाम्या सोडल्या. माप तेवढंच."

"माप तेवढंच," झूरा म्हणाली, आणि तिनं दोन्ही फाइलींची पहिली पानं शेजारी शेजारी ठेवली.

६

"बघा अपा." तिनं परातीच्या काठानं बोरसोक ओळीत मांडले. "ही बैठक. पहिला बसला दिवसाचा क्रमांक, एक जागा. मग तुमचे मोठे. ऐसपैस माणूस, दोन जागा लागतात. मग बारा पाहुणे. जुना कंपायलर सगळ्यांना खेटून बसवायचा. तुमच्या फाइलीत मोठ्यांऐवजी दोन रिकाम्या जागा, हिशेब जुळला, पाहुणा तिथंच सापडला. पण कंपायलरला मोकळं सोडलं, तर तो मोठ्या माणसाला सम जागेवरच बसवतो. मशीनला ते सोपं जातं. त्यासाठी आधी एक जागा रिकामी सोडतो."

"म्हणूनच तर मी त्याला सांगून ठेवलं होतं," कलिपा म्हणाली. "अकरांतला सातवा फ्लॅग. जागा जुळवू नकोस, खेटून बसव."

"एर्मेकनं तो काढला. आता व्हादिमच्या फाइलीत बैठक एका जागेनं पुढं सरकली. तुमच्या फाइलीत मोठं कुणी नाहीच, तिथं काही सरकलं नाही. तुमची फाइल पहिल्या पाहुण्याच्या पानावर जाते, तिथं बसलाय..."

"त्यांचा अर्धा भाग," कलिपा हळूच म्हणाली.

"एक चौऱ्याऐंशी. कोरड्या कालव्यात रोज दिसणारं पाणी. ते पाणी नाही अपा, पंच्याऐंशी शतांशाचा उत्तरार्ध वेगळा तोडून वाचला की तेवढेच येतात. म्हणून ते बदलतही नाही."

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. पुराव्याशिवाय झूरा स्वतःवरही विश्वास ठेवत नसे. तिनं फोन लावला.

"एर्मेक, खरे आकडे क्षणभर बाजूला ठेव. बारा ठाण्यांना क्रमानं एक, दोन, तीन असं बारापर्यंत घाल. काय छापतंय?"

कळा दाबल्याचा आवाज आला.

"एजे... पहिलं एक चौऱ्याऐंशी. दुसरं एक. तिसरं दोन. चौथं..."

"तीन. पाचवं?"

"चार." त्याचा आवाज चिरकला. "प्रत्येकाचा आकडा पुढच्याच्या नावावर जातोय. सहाव्याची बॅटरी गेलेली नाही, त्याला पाचव्याचं शून्य मिळतंय."

"आणि चौथ्याला तिसऱ्या ठाण्याचा, एका झऱ्याचा, शून्य बासष्ट. तुझा तो बोळा काढ आणि कंपायलर काय म्हणतो ते वाच."

एर्मेकनं वाचलं. वाचताना तो अडखळला. "सूचना: दोलोतच्या आधी चार बाइट रिकामे सोडावे लागले. एजे, यानं नावच घेतलंय. पहिल्या दिवशीच."

झूरानं डोळे मिटले. कुणी मुडदा बोलत नव्हता, ही सुटका. आणि त्याच दमात दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. दोलोतच्या ओळीत बोलत होतं ते सरोवर.

"खरे आकडे परत घाल. पाचवं काय म्हणतं?"

फोनवर गालिना आली. "सहा एकोणचाळीस," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

७

केनेशबेकला फोनवर सगळं पटलं हे खरं, पण मंत्रालयाच्या सहीशिवाय नवा इशारा निघत नव्हता. "वीस मिनिटं दे," तो म्हणत होता. वीस मिनिटं म्हणजे सरोवर फुटल्यावर गावाला मिळणाऱ्या वेळातला निम्मा.

नदीकाठच्या कुरणात निम्मं आक-केचू गवत कापत होतं. गावचा प्रमुख शामिरबेक विळा टेकून उभा राहिला.

"एजे, हे बघा, फोनवर आहे. संचालकांची सही. शांत." तो हसत होता. "आणि नदी बघा, कोंबडीसुद्धा बुडणार नाही. उद्या पाऊस आहे, गवत भिजलं तर हिवाळ्यात गुरांना काय तुमचा कागद घालू?"

"अहो, नदी आटलीय कारण वर तोंड तुंबलंय! कागद चुकीचा आहे."

"सकाळी बरोबर, दुपारी चूक. संध्याकाळी पुन्हा बरोबर होईल. तेवढं थांबतो की."

चार-पाच जण हसले. झूरा ओरडली, हातवारे केले, जागा जुळवण्याबद्दल बोलायला लागली आणि आपण काय बोलतोय हे कळून गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बरोबर उत्तराचा काही उपयोग दिसेना. राग आला, आणि रागाखाली भीती होती.

मागून कलिपा आली. हातात झारा तसाच. ती कुरणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं श्वास घेतला.

"दोलोत!" ती ओरडली.

विळे थांबले.

"दोलोत म्हणतोय, सहा चाळीस! माझा सासरा दोलोत, शेरालीचा मुलगा दोलोत, म्हणतोय, उठा! मागल्या खेपेला ऐकलं नाहीत. दोलोत! ऐकू आलं ना? मी म्हणतेय हे. कलिपा!"

त्या गावात कलिपाला पन्नास वर्षं सगळे ओळखत होते. या बाईनं सासऱ्याच्या श्राद्धालासुद्धा सासऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. पहिल्यांदा एका म्हातारीनं दाताळं टाकलं आणि नातवंडाला उचललं. मग कुणी काही विचारलंच नाही. शामिरबेकचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. त्यानं विळा फेकला आणि घराघरातून म्हातारेकोतारे बाहेर काढायला धावत सुटला.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी डोंगर गडगडला. टेकडीवरून तीनशे माणसांनी पाहिलं. आधी वारा आला, मातीच्या वासाचा; मग खोऱ्याच्या तोंडातून पाणी नव्हे, दगडांची भिंत आली. कुरण गेलं. सगळं गवत गेलं. काठावरची सात घरं गेली, त्यांत कलिपाचं पहिलं. माणूस एकही गेला नाही. शामिरबेकनं तीनदा डोकी मोजली.

कलिपा गवतावर बसली होती. झारा मांडीवर.

"नीट उच्चारलं ना मी?" तिनं एकदम विचारलं. "कधी घेतलंच नव्हतं. पहिला ओ लांब आहे, नवरा म्हणायचा."

"सगळ्या गावाला समजलं, अपा."

"हं." ती खाली घोंघावणाऱ्या चिखलाकडे बघत राहिली. "कागद आहेत का गं माझे?"

झूराच्या पिशवीत होते. कलिपानं आपली फाइल मांडीवर घेतली आणि पेन्सिल मागितली. तिनं 'अता' आणि त्याच्या दोन लहान जागा खोडल्या, त्यांच्या ठिकाणी एक मोठी जागा लिहिली आणि पुढं एकेक अक्षर कोरत, न थांबता, सासऱ्याचं नाव घातलं.

"एवढ्या गावासमोर घेतलं," ती म्हणाली, "आता मशीनची कसली लाज?"